रेघेच्या वरचं तेल

तुम्ही गेल्यापासून पोलादपुरात जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलतोय. स्टँडवरचा पानवाला, ज्याच्याशी तुमचं तीन वर्षं वाकडं होतं, तोसुद्धा डोळे पुसून गेला. येणारा प्रत्येक जण ओटीवर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, असा ड्रायव्हर पुन्हा होणं नाही. मी चहा करते, पेले धुते, मान हलवते. सव्वा महिना हेच चाललंय. आता माझी मान दुखायला लागली म्हणून हे लिहायला बसले. तुमच्याशी कुणीतरी खरं बोलायला हवं, आणि या घरात ती सवय मला एकटीलाच होती.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे जिवंत असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुम्ही दुसऱ्या ओळीलाच उठून गाडीकडे गेला असतात. आता कुठे जाल? बसा आणि ऐका.

पिकअप आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आली. लष्कराच्या लिलावातली. मूळचं इंजिन पेट्रोलचं होतं, ते काढून तुम्ही मुंबईला तुमच्या धाकट्या भावाच्या, भावोजींच्या ओळखीच्या गॅरेजात डिझेलचं बसवून घेतलंत, मागे फळ्यांचा हौदा बांधलात आणि पुढच्या काचेवर देवाचं नाव लिहून घेतलंत. ते कुठल्या देवाचं आहे हेही मलाच विचारलंत, कारण रंगाऱ्याने भलतंच लिहिलं असेल अशी तुम्हाला शंका होती. महाडची सुकी मासळी, आपल्याकडची अंडी-कोंबड्या घेऊन आंबेनळीचा घाट चढायचा, महाबळेश्वरच्या हॉटेलांना माल द्यायचा, येताना बटाटे आणायचे, हा तुमचा धंदा. घाट नसेल त्या दिवशी महाड ते पोलादपूर माणसं भरायची. रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं. डिसेंबर लागला की जूनपर्यंत गाडीच्या मागे लाल धुळीचा लोट असायचा आणि गाडी दिसायच्या आधी लोट दिसायचा. भाकरी तव्यावर टाकायची वेळ मी त्यावरून ठरवायचे.

त्या धुळीनेच पहिला फिल्टर खाल्ला. इंजिनात जाणारी हवा गाळायचा तो डबा. त्याची पट्टी तुटली, पत्रा सडला आणि गाडी चढणीला धापा टाकायला लागली. मला महाडला माहेरी जायचं होतं, म्हणून तुम्ही मला सोबत घेतलंत, आणि आधी स्पेअर पार्टच्या दुकानात नेलंत. मी पायरीवर बसले. दुकानात मुंबईच्या गोदीत काम करून आलेला एक फिटर असायचा. त्याने दोन फिल्टर फळीवर ठेवले. एक नव्या पद्धतीचा, आत पिवळ्या कागदाच्या बारीक चुण्या. दुसरा आपल्या जुन्यासारखाच, वर तारेची जाळी आणि खाली तेलाचं भांडं. हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते.

"कागदाचा झटकायचा, नि भरला की फेकून दुसरा घालायचा," फिटर म्हणाला. "तेलाचा या धुळीत रोज धुवाया लागंल. धुणार कोण?"

तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. नुसती हनुवटी माझ्याकडे केलीत. "ती हाय की."

एवढ्यावर निवड झाली. मी पायरीवरून म्हणाले होते, कागदाचा घ्या. तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे. कागद परत परत विकत घ्यावा लागतो आणि मी लग्नात एकदाच मिळाले होते, हा तुमचा हिशोब मला तिथल्या तिथे कळला. बाहेर सगळ्यांना मात्र तुम्ही वर्षभर सांगत होतात की तेलाचा फिल्टर मजबूत, लष्करातसुद्धा तोच वापरतात.

धुणारी मी, म्हणून फिटरने मला आत बोलावलं. भांड्याच्या आतल्या अंगाला उमटवलेली रेघ बोटाने दाखवली. "वयनी, तेल हितवर. वर बोटभर पण नको. चढणीला गाडी तिरकी झाली का तेल उसळतं, इंजिन ओढून घेतं. डिझेलचं इंजिन हाय, तेच तेल जाळत सुटतं. मग बंद करायची तार ओढा, काय पण करा, थांबायचं नाय. फुटेपर्यंत पळंल."

"जास्त तेल घातलं तर जास्त धूळ धरंल ना?" तुम्ही विचारलंत.

"नाय."

"आनि समजा झालंच असं, तर?" तुम्ही हसत होतात.

"तर हवा कोंडायची. हवा जाते त्या तोंडावर पोतं दाबायचं. दुसरा इलाज नाय."

तुम्ही हसतच डबा काखेत मारलात. मला वाटलं, हे काही तुमच्या डोक्यात शिरलं नाही.

मग चार वर्षं मी तो डबा धुतला. पहाटेचं पाणी भरलं की अंगणात बसायचं, काळं तेल ओतून टाकायचं, जाळी डिझेलमध्ये बुडवायची, नारळाच्या शेंडीने घासायची, भांड्याच्या तळाशी बसलेला लाल गाळ बोटाने खरवडायचा. नखात गेलेलं काळं राखेनेही निघत नसे. माझ्या हातच्या भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणून तुम्ही दोनदा ताट सरकवलंत. दोनदा. मी मोजलंय. तुमच्या आईंनी तेव्हा काही दिवस भाकरी स्वतः भाजायला घेतली आणि डबा धुवायचा काही घेतला नाही.

तुमचं एकच म्हणणं असायचं. घाटात धूळ फार, तेल भरपूर घाल. मी सांगायचे, फिटरने रेघ दाखवली आहे. तुम्ही म्हणायचात, फिटर काय आंबेनळी चढलाय? हे भांडण आपण इतक्यांदा केलं की मला दोन्ही बाजू पाठ झाल्या. शेवटी मी भांडायचं सोडलं आणि खोटं बोलायला लागले. भरायची रेघेपर्यंत. तुम्ही विचारलंत की सांगायची, काठोकाठ आहे. तुम्ही झाकण उघडून बघत नव्हतात, कारण धुण्याभांड्यांत पुरुषाने काय बघायचं. तुम्ही खूश होऊन जायचात आणि संध्याकाळी परत यायचात. तुमची चार वर्षं माझ्या या खोटेपणावर चालली. ओटीवर चहा पिणाऱ्यांपैकी एकाही माणसाला हे ठाऊक नाही.

तुमचं काही चांगलं आठवत नाही असं नाही. एवढी मी कृतघ्न नाही. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही म्हणून तुमचे मामा दुसरी मुलगी सुचवायला आले, तेव्हा तुम्ही गाडीखाली आडवे होतात. मामा ओणवे होऊन तासभर तुमच्या पायांशी बोलले. मी आत दाराआड उभी होते. तुम्ही खालून हात बाहेर काढलात. "मामा, त्यो पाना द्या हिकडं. नि बोलून झालं असंल तर जेवून जा." तो विषय त्यानंतर कुणी काढला नाही. त्या दिवशी मी तुम्हाला माशाची मोठी तुकडी वाढली आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत.

आणि तुडील गावची ती दुपार. माल उतरवून रिकामे परतत होतो, नदीकाठी सपाट माळ होता, तुम्ही एकाएकी उतरलात आणि मला म्हणालात, सरक गो. मी स्टिअरिंग धरलं. तुम्ही बाहेर पायरीवर उभे राहून खिडकीतून शिकवत होतात आणि मी गाडी सरळ सावित्रीच्या पात्राकडे नेत होते. तुम्ही ओरडायच्या ऐवजी हसायला लागलात. इतके हसलात की सांगायचं ते सांगता येईना, आणि मी आपली आपणच ब्रेक शोधला. तो माणूस मला फार आवडायचा. तो वर्षातून एकदा यायचा, ही माझी तक्रार आहे.

आता त्या मंगळवारचं बोलू.

स्टँडवर गाडी उभी होती, माणसं भरत होती, मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते. गाडी धूर ओकते म्हणून कुणीतरी काहीतरी बोललं आणि तुम्ही बोनेट उघडलंत. चार वर्षांत पहिल्यांदा फिल्टरचं भांडं काढलंत. तेल रेघेवर होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला कळलं की आता हे लोकांसमोर होणार.

"काठोकाठ हाय म्हणालीस ना?"

मी जेवणाचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

"बाकीचं कुठं जातंय? माहेरी पोचवतेस?"

बोलले असते तर रेघेचं बोलावं लागलं असतं, आणि चारचौघांत तुम्हाला फिटरचं बोलणं ऐकवणं मला बरं वाटलं नाही. अजून तुमची लाज राखत होते मी. तुम्ही दोन बोटं त्या काळ्या तेलात बुडवलीत आणि माझ्या कपाळावर फासलीत. कुंकवावरून. मग गालावर. कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही अगदी शांत होतात, एखादा नट आवळावा तसे. मी तशीच बाजारातून घरी आले. तोंड पदराने झाकलं नाही. बघू देत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घाट होता. मला माहीत होतं घाट आहे. कोंबड्यांच्या डालग्या आदल्या संध्याकाळी मीच बांधल्या होत्या. सकाळी फिल्टरचा डबा धुतला. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, हातात चहाचा पेला. मी तेल ओतायला लागले. रेघ आली. मी थांबले. वर तुमच्याकडे बघितलं. शपथेवर सांगते, तेव्हा तुम्ही नुसतं "बास" म्हणाला असतात तरी मी सगळं विसरले असते, कपाळाचंसुद्धा.

"वत," तुम्ही म्हणालात.

मी ओतलं. एक बोट, दोन बोटं, काठाला लागेपर्यंत. मनात एकच होतं, घ्या, तुमच्या मनासारखं घ्या एकदाचं. तुम्ही म्हणालात, "आता कसं." ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी आतूनच गाडी निघाल्याचा आवाज ऐकला, आणि पाण्याला गेले.

गाडीत घाटाखालच्या वाडीतले एक म्हातारे होते. तुम्हाला आणलं तेव्हा ते सोबत आले आणि तीनतीनदा सांगत राहिले, समोर जो येईल त्याला. मधल्या चढणीवर इंजिन आपोआप ओरडायला लागलं. ड्रायव्हरनं तार ओढली, थांबेना. निळा धूर इतका की कोंबड्या मरतात वाटलं. ड्रायव्हरनं गाडी डोंगराला टेकवली, चाकाला दगड लावला. "मला म्हनाला, बाबा, उतरा, लांब ऱ्हावा. नि मागनं पोतं घेतलं, बोनेट उघडलं, पोतं दाबलं तोंडावर. दाबलं नि तेवढ्यात फुटलं. आतला दांडा भाईर आला नि त्याला लागला."

म्हाताऱ्यांना कळत नव्हतं की त्या गोष्टीतल्या पोत्यापाशी मी दर वेळी आत का जाते.

म्हणजे त्या दिवशी दुकानात तुम्ही ऐकलं होतंत. शब्दन् शब्द ऐकला होतात आणि चार वर्षं लक्षात ठेवला होतात. पोतं ठाऊक होतं तर रेघही ठाऊक होती. मग माझ्याशी रोज कशासाठी भांडत होतात? मी सांगितलेलं बरोबर निघेल एवढ्यासाठी? या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सोबत घेऊन गेलात आणि मला वाटतं मुद्दामच नेलंत. मी ते भांडं काठोकाठ भरून तुम्हाला घाटात पाठवलं, हे मी कुठेच लपवणार नाही. पण तुम्ही ते जाणूनबुजून उभं राहून भरून घेतलंत. आपल्यात जास्त हट्टी कोण, ते ठरायचं राहून गेलं.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा येईना. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते, एक उतरेल तर शपथ. तुमच्या आई म्हणाल्या, मी नीट राहीन रे बाबा, रडायची नाय. नाही. मामा म्हणाले, तुझ्या बायकोला अंतर देणार नाय. नाही. ऊन चढलं. माझ्याकडे बायका बघायला लागल्या. तुम्हाला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मी "माझं चुकलं" म्हणावं याची वाट बघायची तुमची जुनी सवय. मी म्हटलं नाही. बसा उपाशी.

मग तुमचा धाकटा भाऊ पुढे झाला. मुंबईची गिरणी सोडून गाडी चालवायला इथे राहायचं त्यांनी ठरवलं होतं. हात जोडून म्हणाले, "दादा, गाडी मी चालवीन. तुझा तेलाचाच फिल्टर लावीन. तू म्हनायचास तसं काठापर्यंत तेल घालीन." आणि लगेच कावळा उतरला, पिंडाला शिवला. बायकांनी हात जोडले. मी तुमच्याकडे, म्हणजे त्या कावळ्याकडे बघत राहिले. मेल्यावरही तुम्हाला तेवढंच हवं होतं.

कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही. भावोजींनी महिनाभरात मुंबईहून दुसरं इंजिन आणलं, तेही डिझेलचं. फिल्टरचं भांडं जुनंच, त्याला काही झालं नव्हतं. मी म्हटलं, कागदाचा लावा. ते म्हणाले, शब्द दिलाय. मग मी एके दुपारी त्यांना आणि आईंना बसवून सगळं सांगितलं. दुकान, रेघ, चार वर्षांचं खोटं, ती सकाळ. मी ओतलं, मला माहीत असताना ओतलं, हेसुद्धा सांगितलं. मला वाटलं होतं, आता मला घराबाहेर काढतील. मी लुगड्यांचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं.

भावोजी म्हणाले, "म्हंजे दादा चुकला, आसं म्हनायचंय तुमाला?"

"हो."

"कावळा शिवला, वयनी. सगळ्यांनी बघितलं."

आई म्हणाल्या, "मेल्याला नावं ठेवू नको गो. त्यानं तुला दुसरी आणली नाय."

मी काय केलं हे दोघांच्या कानांवरून निघून गेलं. तुम्ही चुकला होतात, एवढंच त्यांना ऐकू आलं आणि तेवढंच सहन झालं नाही. तुमचं घर आहे हे, दुसरं काय होणार. दुसऱ्या दिवशी भावोजींचा पहिला घाट होता. त्यांची बायको मुंबईला पोटुशी आहे.

मी गाठोडं सोडलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना भांडं धुतलं, पालथं घातलं, एक खिळा घेतला आणि रेघेवर बाहेरच्या अंगाने ठोकला. पत्रा पातळच होता. दुसऱ्या ठोक्याला पलीकडे गेला.

भावोजी आले, माझ्या हातातून ओतायच्या तेलाचा डबा घेतला आणि स्वतः ओतायला लागले, काठापर्यंत, तोंडाने तुमचं नाव घेत. रेघेच्या वरचं सगळं बाहेर आलं आणि बारीक धारेने अंगणात गळायला लागलं.

"गळतंय, वयनी."

"जास्तीचं गळतंय. वतीन म्हणालात, वतलंत. शब्द राहिला."

ते माझ्याकडे बघत राहिले. आई ओटीवरून बघत होत्या. धार थांबली तशी तेल रेघेवर उभं राहिलं. भावोजींनी आणखी थोडं ओतलं, तेही गळून गेलं. मग त्यांनी जाळी बसवली आणि गाडी काढली. उन्हं उतरायच्या सुमाराला लाल लोट दिसला. मी भाकरी टाकली. ते बटाटे घेऊन आले, जेवले आणि ताट सरकवलं नाही.

ते भोक मला आत्ता सुचलं असं इथे लिहिणार होते. तसं लिहिलं तर तुम्ही मला माफ केलं असतंत आणि मीही स्वतःला केलं असतं. पण ते मला फिल्टर आणल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सुचलं होतं. खिळा शोधून अंगणात घेऊन बसलेही होते. मग परत आत ठेवून दिला. म्हटलं, भोक पाडून तुम्हाला जगवायचं म्हणजे आज ना उद्या हे माझं ऐकतील ही आशाच सोडायची. भावोजींनी माझं ऐकलं नाही तरी मला चालतं. तुमचं न ऐकणं मला चालत नव्हतं.